बॅटरीचे घराणे बदलताना

बिनवायरी ड्रिल घेणाऱ्याचे सारे लक्ष ड्रिलवर असते. पुढची काही वर्षे त्याला बांधून ठेवते ती मात्र बॅटरी. तिची खाच, तिचे व्होल्टेज, यंत्राशी तिचा संवाद चालवणारी बारीक टोके आणि तिचा चार्जर, या चौघांच्या जुळणीला इथे घराणे म्हटले आहे. ते कंपनीच्या नावावरून ठरत नाही. बॉशच्या निळ्या व्यावसायिक यंत्रांची बॅटरी त्याच बॉशच्या हिरव्या घरगुती यंत्रात बसत नाही, दोन्हींवर १८ व्होल्ट लिहिलेले असले तरी.

घराणे बदलण्याचे पुष्कळ निर्णय आकड्याला भुलून होतात, म्हणून आधी आकडे पाहू. लिथियम-आयन सेलचे सरासरी व्होल्टेज ३.६ धरतात. असे पाच सेल एकामागोमाग जोडले की १८. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ पर्यंत चढतो, त्यामुळे चार्जरवरून नुकतीच काढलेली तीच बॅटरी २० च्या वर दिसते. डीवॉल्ट तिला युरोपात १८ व्होल्ट म्हणते आणि अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’. ‘१८ जुने झाले, २० घ्या’ या सल्ल्यात जास्तीची वीज नाही, फक्त छपाई आहे. बाजारात ४८ किंवा ८८ असे आकडे मिरवणाऱ्या बिननावाच्या बॅटऱ्याही मिळतात. आत बहुधा तेच पाच-पाच सेल. १८६५० आकाराच्या एका सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम. दहा सेलची म्हणून दिलेली बॅटरी काट्यावर साडेचारशे ग्रॅमही भरली नाही, तर पुढे भाव करण्यात अर्थ नाही.

१८ वरून ३६ वर जाणे ही गोष्ट वेगळी. मकिताने २००५ मध्ये १८ व्होल्टचे एलएक्सटी घराणे आणले आणि २०१९ मध्ये एक्सजीटी, ज्यावर ४० मॅक्स लिहिलेले असते आणि खरे व्होल्टेज ३६ आहे. एकाची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्रात बसत नाही. एलएक्सटीची ५ अँपिअर-तासाची बॅटरी आणि एक्सजीटीची अडीच अँपिअर-तासाची बॅटरी यांत ऊर्जा सारखीच, ९० वॅट-तास. मग मिळते काय? समजा ग्राइंडर ९०० वॅट ओढतो. १८ व्होल्टवर त्याला ५० अँपिअर लागतील, ३६ वर २५. तारा, स्विच आणि टोके यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तिथला ताप एक चतुर्थांशावर येतो. हा फायदा खरा आहे. सेलला मात्र त्यातले काही मिळत नाही. दोन्हीकडे दहाच सेल असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ९० वॅट येणारच, म्हणजे २५ अँपिअर. मग ते एका ओळीत जोडा की दोन समांतर ओळींत. सेलचा भार हलका होतो तो सेल वाढले किंवा मोठे झाले तर. त्यामुळे तक्रार ‘बॅटरी तापते, लवकर बसते’ एवढीच असेल, तर आहे त्याच घराण्यातली मोठी बॅटरी, जमल्यास मोठ्या आकाराच्या २१७०० सेलची, आधी लावून पाहावी. ही सूचना दुकानदार सहसा करत नाही.

अॅडॉप्टर लावून दोन घराण्यांत सोयरीक जुळवता येते, असे सांगणारे भेटतात. खाच जुळते, संरक्षणाचे काय? व्होल्टेज फार उतरले की पुरवठा तोडण्याचे काम काही घराण्यांत बॅटरी स्वतः करते, काहींत यंत्रावर सोपवलेले असते. बॅटरी यंत्राच्या भरवशावर राहिली आणि परक्या यंत्राला तो निरोपच कळला नाही, तर सेल मर्यादेखाली रिकामा होतो. मग चार्जर त्याला घेत नाही. कंपनीने स्वतः दिलेली जोडणी वेगळी: डीवॉल्टने जुन्या १८ व्होल्टच्या यंत्रांसाठी २० मॅक्सची बॅटरी चालवणारा अॅडॉप्टर काढला होता. त्याच कंपनीची २०१६ ची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी २० च्या यंत्रातही चालते, पण २० ची बॅटरी फ्लेक्सव्होल्टच्या ६० व्होल्टच्या यंत्रात चालत नाही. जुळणी कोणत्या दिशेने आहे, हे विचारून घ्यावे.

आता पैशाचा हिशेब. यंत्र वापराने झिजते, बॅटरी नुसती ठेवूनही म्हातारी होते. ‘जुन्या घराण्यात इतके पैसे अडकलेत’ असे म्हणताना आपण खरेदीची किंमत धरतो. धरायला हवे ते बॅटऱ्यांचे उरलेले आयुष्य. ते दरवर्षी घटते आणि बंधनही तेवढेच सैल होते. नवी बॅटरी घेतली की गाठ पुन्हा आवळते. बदलायचे असेल तर ती वेळ नव्या बॅटऱ्या घ्यायच्या आधीची. नव्या घराण्यात बॅटरी-चार्जरसह संच घ्यावा, कारण सुटी बॅटरी महाग पडते, आणि पुढे बॅटरीविना मिळणाऱ्या नुसत्या बॉड्या जोडत जाव्यात.

घराणे निवडताना ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर बाजूला ठेवावेत. ते सगळेच बरे बनवतात. आपल्या कामाला लागणारे सर्वांत दुर्मीळ यंत्र कुठे मिळते ते पाहावे. मेटाबोने २०१८ मध्ये सुरू केलेल्या सामायिक बॅटरीच्या गटात माफेलची सुतारकामाची यंत्रे आहेत. अशी सोय हवी असणाऱ्याला व्होल्टची तुलना गौण. दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात आहे का, हेही तितकेच मोलाचे.

जुने ड्रिल मात्र त्याच्या बॅटऱ्या संपेपर्यंत वापरावे. कामावर दोन चार्जर असल्याने काही बिघडत नाही. संपलेल्या बॅटऱ्या भंगारात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्या कुठे जमा करायच्या ते विचारा.