कंपवातावरील पेशीरोपण आणि लटक्या शस्त्रक्रियेचा वाद

वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या उपचाराचा उदय आणि त्याची कसोटी या दोन घटना सहसा निरनिराळ्या काळी घडतात. पहिलीचे वर्णन विस्ताराने होते, दुसरीचे क्वचितच. मेंदूच्या क्रमाक्रमाने वाढणाऱ्या ऱ्हासविकारांवर नव्या पेशींचे रोपण करण्याच्या प्रयत्नांचा इतिहासही बहुधा शोधांची मालिका म्हणूनच सांगितला जातो. तथापि या इतिहासातील सर्वांत निर्णायक प्रसंग वीस माणसांच्या कवटीला छिद्रे पाडून मेंदूत काहीही न घालण्याचा होता. त्या प्रसंगाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याखेरीज आजच्या मूलपेशी-उपचारांविषयीचे दावे पारखता येणार नाहीत.

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी इ. स. १८१७ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, त्यात मध्यमेंदूतील काळसर रंगाच्या एका लहानशा भागातील मज्जापेशी हळूहळू नष्ट होतात. या पेशी डोपामिन हे द्रव्य निर्माण करतात. आर्व्हिड कार्लसन यांचे १९५० नंतरच्या दशकातील प्रयोग आणि १९६० साली व्हिएन्नातील ओलेह हॉर्नीकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचे केलेले पृथक्करण यांवरून डोपामिनचा अभाव हेच लक्षणांचे कारण ठरले. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा मोठ्या मात्रेत देऊन रुग्णांना चालते केले. (हेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच वेगळे काढले होते, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे.) परंतु काही वर्षांनी या औषधाचा गुण अल्पकाळ टिकू लागतो आणि अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. यास्तव नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घालण्याची कल्पना पुढे आली. अल्झायमरच्या विकारात ऱ्हास मेंदूभर पसरलेला असतो. कंपवातात हालचालींना बाधणारी हानी मुख्यतः एका जातीच्या पेशींची असते, म्हणून हाच विकार प्रयोगाला योग्य वाटला.

१९७९ साली स्वीडनमध्ये व अमेरिकेत उंदरांच्या गर्भातील अशा पेशी प्रौढ उंदरांच्या मेंदूत जगतात व हालचालींतील दोष कमी करतात, असे दिसून आले. माणसांवरील पहिला प्रयत्न मात्र निराळ्या पेशींचा होता. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींचा गाभाही थोडे डोपामिन निर्माण करतो. तो रुग्णाच्याच शरीरातून काढून मेंदूत बसविण्याची शस्त्रक्रिया १९८२ मध्ये स्टॉकहोम येथे झाली. लाभ अल्प व अल्पकालीन होता. असे असता १९८७ साली मेक्सिकोतील इग्नासिओ माद्रासो यांनी दोन तरुण रुग्णांत विलक्षण सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि जगभर शेकडो रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करण्यात आली. काही वर्षांतच ती सोडून द्यावी लागली. गुण टिकत नव्हता, उपद्रव मात्र गंभीर होते. या शेकडो शस्त्रक्रियांपैकी एकीलाही लटक्या शस्त्रक्रियेची तुलना नव्हती, ही गोष्ट पुढील वादात वारंवार पुढे यावयाची होती.

लुंड येथील अँडर्स ब्यॉर्क्लुंड व ओले लिंडवाल यांचा मार्ग अधिक संयमाचा होता. गर्भपातानंतर मिळणाऱ्या भ्रूणांतील मज्जापेशींचे रोपण त्यांनी १९८७ मध्ये आरंभिले. पहिल्या दोन रुग्णांत फारसे यश आले नाही, आणि तसे त्यांनी स्पष्टपणे लिहिलेही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील रुग्णाच्या वृत्तान्तात मात्र किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने घेतलेल्या चित्रांवरून कलम जगल्याचे आणि हालचाली सुधारल्याचे दिसत होते. एका रुग्णासाठी अनेक भ्रूणांचा ऊतक लागे. त्यामुळे गर्भपाताच्या वादाशी हे संशोधन जखडले गेले. अमेरिकेत १९८८ पासून जानेवारी १९९३ पर्यंत त्यासाठी केंद्रीय निधी बंद होता.

बंदी उठल्यावर अमेरिकी सरकारने निधी दिला तो कसोटीच्या प्रयोगाला. कर्ट फ्रीड, स्टॅन्ली फान व त्यांचे सहकारी यांनी चाळीस रुग्ण निवडले. डेन्व्हर येथे त्यांतील वीसजणांच्या मेंदूत भ्रूणपेशी घालण्यात आल्या. उरलेल्या वीसजणांना स्थानिक भूल देऊन कवटीला तशीच छिद्रे पाडण्यात आली, मात्र मेंदूच्या आवरणाला धक्का लावला नाही. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते, तपासणाऱ्या वैद्यांनाही नव्हते. वर्षानंतर लटकी शस्त्रक्रिया झालेल्यांना खरे रोपण करवून घेण्याची मुभा होती.

यावर जो वाद झाला तो वैद्यकीय नीतीच्या इतिहासात मोलाचा आहे. रूथ मॅक्लिन यांनी १९९९ मध्ये आक्षेप घेतला, की ज्यापासून रुग्णाला लाभाची शक्यताच नाही अशी इजा त्याला करणे वैद्याच्या धर्माशी विसंगत आहे. साखरेची गोळी देणे निराळे, कवटीला छिद्र पाडणे निराळे. त्याच वर्षी टॉमस फ्रीमन प्रभृतींनी प्रतिपादिले, की कंपवातात आशेचाच परिणाम इतका प्रबळ असतो की अशा तुलनेवाचून निरुपयोगी शस्त्रक्रिया हजारोंवर केली जाईल. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. परंतु अधिवृक्क ग्रंथींचा अनुभव ताजा असता दुसऱ्या पक्षाचे पारडे जड होते, असेच म्हटले पाहिजे.

२००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुसंख्य रुग्णांत कलम जगले होते. परंतु रुग्णांनी स्वतः केलेल्या मूल्यमापनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. साठ वर्षांखालील रुग्णांच्या हालचालींत काही सुधारणा आढळली. उलट रोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के जणांना पुढे औषध कमी वा बंद करूनही न थांबणाऱ्या अनैच्छिक हालचाली जडल्या. २००३ साली वॉरन ओलानो यांच्या ३४ रुग्णांवरील प्रयोगातही एकंदर लाभ सिद्ध झाला नाही, आणि त्यात हा उपद्रव निम्म्याहून अधिकांना झाला. पहिल्या प्रयोगातील तीस रुग्णांच्या २००४ मधील अभ्यासात तर असे दिसले, की वर्षभरानंतर जीवनमानात अधिक सुधारणा सांगणारे रुग्ण ते होते ज्यांना आपले रोपण झाले आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात ते झाले की नाही याचा त्याहून कमी संबंध होता. मॅक्लिन यांच्या आक्षेपाला याहून समर्पक उत्तर तर्काने देता आले नसते.

लुंडच्या पक्षाचे म्हणणे अर्थात निराधार नव्हते. डेन्व्हर येथे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली नव्हती, आणि ऊतक रोपणापूर्वी कित्येक दिवस प्रयोगशाळेत ठेवलेला असे. ओलानो यांच्या रुग्णांतही ही औषधे सहा महिन्यांनी थांबविल्यावर आरंभीचा लाभ ओसरला. सदोष रोपणाच्या अपयशावरून रोपणमात्राचे अपयश सिद्ध होत नाही, हे खरे. पण निर्दोष रोपणाचे यशही तेव्हा कोठे सिद्ध झालेले नव्हते.

२००८ मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. रोपणानंतर दहा-पंधरा वर्षांनी मृत्यू पावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूंत, कलम केलेल्या तरुण पेशींतही कंपवाताचे वैशिष्ट्य मानले जाणारे लेवी-पिंड आढळले. रोग जणू यजमानाकडून पाहुण्याकडे गेला होता. तथापि पिंड थोड्याच पेशींत होते, आणि लुंडच्या एका रुग्णात चोवीस वर्षांनंतरही कलम जिवंत असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

भ्रूणांच्या तुटवड्याचा प्रश्न मूलपेशींनी सोडविला. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून मूलपेशी वाढविल्या. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व पुढील वर्षी मानवाच्या प्रौढ पेशींना त्या अवस्थेत परत नेले. क्योतो येथे जुन ताकाहाशी यांच्या गटाने अशा पेशींपासून केलेले पहिले रोपण ऑक्टोबर २०१८ मध्ये झाले. त्यांच्या सात रुग्णांचे आणि उत्तर अमेरिकेतील भ्रूणजन्य मूलपेशी मिळालेल्या बारा रुग्णांचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. गंभीर अपाय झाला नाही, पेशी जगल्या, आणि काहींच्या हालचालींत सुधारणा दिसली. मात्र दोन्ही प्रयोगांत काय केले हे रुग्णांना ठाऊक होते आणि तुलनेचा गट नव्हता. म्हणजे पुराव्याच्या दृष्टीने ते १९९० च्या लुंडपाशीच उभे आहेत.

भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी काही रक्तविकारांवरील मान्य उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ रीतसर चाचणीपुरता मर्यादित केला आहे. चाचणीवाचून पैसे घेऊन असे उपचार विकणे त्यांत निषिद्ध ठरते. उत्तर अमेरिकेतील उपचाराची पुढील चाचणी सुमारे शंभर रुग्णांवर योजलेली असून, तिच्यातील एका गटावर पुन्हा लटकी शस्त्रक्रिया करावयाची आहे.