संकेतस्थळाची हलती वेस

अकोल्याची दहीहंडा वेस काय किंवा अमरावतीच्या परकोटाचे दरवाजे काय, पाहुण्यास नगराची पहिली ओळख वेशींतच होत असे. संकेतस्थळालाहि अशी एक वेस असते. कारागीर तिला ‘लँडिंग पेज’ म्हणतात. ती स्थिर न राहतां हलूं लागली, त्याचा इतिहास फार लांबचा नाहीं.

१९९१ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या संस्थेंतून पहिलें संकेतस्थळ जगापुढें ठेवलें, तेव्हां त्यांत केवळ अक्षरें होतीं. चित्र हलविण्याची युक्ति मात्र जुनी. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास कुंडींत वाटाणा लावून, त्याची वाढ महिनाभर थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा चित्रपट केला. स्थिर चित्रें भरभर पुढें सरकलीं कीं डोळा त्यांस गति समजतो. जिफ चित्रांनीं हेंच तत्त्व उचललें आणि १९९६ च्या आगेमागें नेटस्केप ब्राउझरनें तीं अखंड फिरतीं केलीं. पेटत्या ज्वाळा व फिरते गोल यांचा पानोपानीं सुळसुळाट झाला. अभिरुचीचा त्यांत फारसा संबंध नव्हता.

१९९६ सालींच जें साधन निघालें, तें पुढें फ्लॅश या नांवानें गाजलें. त्याचें सामर्थ्य नाकारतां येत नाहीं. अक्षरांचे आकार चित्रासोबतच पाठवितां येत, म्हणून संगणकावर देवनागरी टंक नसला तरी मराठी मजकूर जसाच्या तसा दिसे. परंतु जड फाइल पुरती उतरेपर्यंत वेस बंद! टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्या अकोल्या-अमरावतीच्या घरांत तेवढा वेळ मीटर चालूच असे. ‘प्रस्तावना वगळा’ अशी कळ कारागिरांना स्वतःच ठेवावी लागली, यांतच सर्व आलें. एप्रिल २०१० मध्यें स्टीव्ह जॉब्स यांनीं जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश न घेण्याचीं कारणें सांगितलीं; ३१ डिसेंबर २०२० रोजीं ॲडोबीनेंच त्याचा आधार काढून घेतला.

नवा मार्ग ब्राउझरच्या पोटांतूनच निघाला. २००७ सालीं वेबकिटच्या कारागिरांनीं गतीचा नियम सीएसएसमध्यें लिहिण्याची सोय मांडली. चित्रांची थप्पी पाठवावयाची नाहीं. ‘हा फलक इतक्या वेळांत येथून तेथें सरकावा’ एवढी ओळ पाठवावयाची, चित्रें पाहुण्याच्या यंत्रानें काढावयाचीं. साधारण पडदा सेकंदाला ६० वेळां चित्र बदलतो; म्हणजे प्रत्येक चित्रास सुमारें १६ सहस्रांश सेकंद मिळतो. फलक नुसता सरकविला किंवा पुसट केला तर यंत्राचा चित्रविभाग तें सहज उरकतो. त्याची रुंदी-उंची बदलली कीं सबंध पानाची मांडणी पुन्हां मोजावी लागते आणि स्वस्त मोबाइल अडखळतो. २०१३ नंतर रिॲक्टसारखीं साधनें आलीं. काम सोपें झालें, पण त्यांचें स्वतःचें ओझेंहि पानासोबत प्रवास करतें.

वऱ्हाडांत हा केवळ शास्त्रार्थ नव्हे. मेळघाटांतील हरिसाल हें २०१६ सालीं डिजिटल गांव करावयास घेतलें गेलें. दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवरून तेथें इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. डोंगर आणि सागवन ओलांडून येणाऱ्या क्षीण लहरीवर एखादा विद्यार्थी प्रवेश-अर्ज शोधतो. हालचालीचा प्रोग्राम उतरेपर्यंत अर्जाचें बटण अदृश्यच ठेवणारीं पानें पुष्कळ आहेत. प्रोग्राम वाटेंत अडला, तर त्याच्यापुढें नुसता रंगीत पडदा राहतो.

२०१७ सालीं सफारी ब्राउझरनें आणखी एक सोय केली. गतीनें ज्यास भोवळ येते त्यानें आपल्या यंत्रांत तसें एकदां नोंदवावें, म्हणजे पान त्याच्यापुढें स्थिर उभें राहूं शकतें. ती ओळ लिहिणें मात्र कारागिराच्याच हातीं आहे.