मोटारीच्या चकाकीची शंभर वर्षे: 'ड्यूको'पासून पॉलिशच्या पहिल्या यंत्रापर्यंत

१/१२
डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये आजही तीन शब्द हमखास कानी पडतात: ड्यूको, रबिंग, बफिंग. या तीन शब्दांत मोटारीच्या रंगाचा शतकभराचा इतिहास साठलेला आहे. पॉलिशचे पहिले यंत्र घेणाऱ्या नवशिक्याने काय निवडावे, या प्रश्नाचे उत्तरही त्याच इतिहासात सापडते. #इतिहास #थ्रेड

२/१२
सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच रंगवल्या जात. ब्रशने व्हार्निशचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, प्यूमिस दगडाची पूड आणि पाणी घेऊन हाताने घासायचा आणि वर पुढचा थर चढवायचा. एका गाडीच्या रंगकामाला कित्येक आठवडे लागत. चकाकी हे कारागिराच्या मनगटाचे काम होते.

३/१२
१९१३ मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती जोडणी-साखळी सुरू झाली. गाडी झपाट्याने तयार होऊ लागली, पण रंग त्या वेगाने वाळेना. १९१४ ते १९२५ या काळात 'मॉडेल टी' फक्त काळ्या रंगात मिळत असे. भट्टीत भाजलेले ते काळे इनॅमल स्वस्त आणि टिकाऊ होते.

४/१२
ही कोंडी फोडली ती स्फोटकांच्या रसायनाने. धूरविरहित दारूचा मुख्य घटक असलेल्या नायट्रोसेल्युलोजपासून ड्यूपाँट कंपनीने झटपट वाळणारे लॅकर बनवले आणि त्याला 'ड्यूको' हे नाव दिले. १९२३ मध्ये जनरल मोटर्सची 'ओकलंड' ही गाडी या रंगात, निळ्या छटेत, बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले.

५/१२
ड्यूकोमध्ये एक उणीव मात्र होती. फवारल्यानंतर तो मंद, किंचित खरबरीत दिसे. कंपाउंड लावून घासल्यावरच त्याला आरशासारखी झळाळी येई. त्यामुळे घासणे हा रंगकामाचाच शेवटचा टप्पा ठरला. भारतात तर 'ड्यूको' हे कंपनीचे नाव उरलेच नाही. सुतारसुद्धा कपाटाला 'ड्यूको' मारू लागले.

६/१२
याच दशकात आणखी दोन साधने जन्मली. १९२१ मध्ये फ्रान्सिस ओकी यांचा पाण्यात वापरता येणारा पॉलिश पेपर थ्री-एम कंपनीने बाजारात आणला. तो घेऊन रिचर्ड ड्र्यू सेंट पॉल शहरातील एका बॉडी शॉपमध्ये गेले. दुरंगी गाडी रंगवताना चिकटवलेला कागद काढला की रंगही उखडत होता आणि रंगारी वैतागले होते. त्यातूनच १९२५ मध्ये मास्किंग टेप साकारली.

७/१२
हाताच्या जागी पुढे विजेचे रोटरी यंत्र आले. त्याची चकती एकाच आसाभोवती गरगर फिरते आणि तिच्यावर लोकरीचा पॅड असतो. काम भराभर होते. मात्र हात क्षणभर जरी एका जागी रेंगाळला, तरी घर्षणाच्या उष्णतेने रंग जळतो. दरवाजाच्या कडांवर तर रंग बघता बघता निघून जातो.

८/१२
लॅकरच्या काळात ही चूक निस्तरता येई. नव्या थरातील द्रावक जुना थर विरघळवतो आणि दोन्ही थर एकजीव होतात. साधारण १९८०च्या दशकात मात्र रंगाची रचनाच बदलली. खाली रंगीत बेसकोट आणि वर पारदर्शक क्लिअरकोट अशी पद्धत रूढ झाली. हा क्लिअरकोट रासायनिक क्रियेने कडक होतो. तो पुन्हा विरघळत नाही.

९/१२
या क्लिअरकोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. ऊन आणि पाऊस यांपासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो. पॉलिश म्हणजे ओरखड्यांच्या तळापर्यंत हा थर खरवडणे. चकाकी दर वेळी या थरातूनच वसूल होते. गॅरेजमध्ये शब्द तेच राहिले, 'रबिंग' आणि 'बफिंग'. त्यांखालचा रंग मात्र पार बदलला.

१०/१२
म्हणूनच ड्युअल ॲक्शन यंत्राला महत्त्व आले. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी मध्यापासून सरकून छोट्या वर्तुळातही हलतो. जोर वाढला की त्याचे फिरणे मंदावते, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. अमेरिकेत पोर्टर-केबलच्या ७४२४ या यंत्राने हौशी मंडळींना ही वाट दाखवली. पुढे इटलीच्या रुपेस कंपनीने ८ मिमीच्या आसपास असलेली ही हालचाल २१ मिमीपर्यंत नेली.

११/१२
नवशिक्याची निवड त्यामुळे सोपी होते. मुक्त फिरणारे ड्युअल ॲक्शन यंत्र, ८ ते १५ मिमीची हालचाल, १२५ मिमीची बॅकिंग प्लेट, मध्यम आणि मऊ फोमचे काही पॅड, एक मध्यम आणि एक बारीक पॉलिश, मायक्रोफायबरची फडकी आणि ड्र्यू यांची मास्किंग टेप. २१ मिमीचे यंत्र सपाट बॉनेटवर वेगाने चालते. बंपरच्या वळणांवर मात्र लहान हालचालच आटोक्यात राहते.

१२/१२
कामाचा क्रमही इतिहासच शिकवतो. गाडी स्वच्छ धुवावी, कडांवर टेप लावावी, हातभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आधी आजमावावे आणि तेवढ्याने भागले तर तिथेच थांबावे. १९२३ च्या रंगाऱ्याला घासल्याखेरीज चकाकी मिळत नव्हती. आजची गाडी कारखान्यातूनच चकाकत येते. तिच्या मालकापुढे प्रश्न उरतो तो किती कमी घासावे, एवढाच.