हातरहाट आणि ओंडका

अरण्यातील वृक्ष तोडणे हे अर्धेच काम. त्याचा ओंडका हलविणे हे उरलेले अर्धे. केरळातील निलंबूर येथे १८४० च्या दशकात कॉनोली व चातु मेनन यांनी सागाची लागवड आरंभिली. तेथून वाहणारी चालियार नदी बेपूरपाशी सागरास मिळते. त्या बंदरावरील मापिळा खलाशांनी हातरहाटाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे.

लाकडी ढोल, त्यास दांडे, ढोलाभोवती दोर आणि वाटेत कप्प्या. एवढेच हे यंत्र. दांडा ढोलाच्या त्रिज्येच्या ८ पट लांब असला, तर घर्षणाची तूट वगळता बळही ८ पट होते. वेग मात्र तितकाच घटतो. हा मंदपणाच त्याचा गुण होय. कारण अवजड भार त्यामुळे हाताच्या स्वाधीन राहतो. १९८८ साली पेरुमण येथे रेल्वेचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्यासाठी याच खलाशांना पाचारण करण्यात आले.

श्रोतेहो, रहाट निवडताना दांड्याच्या लांबीआधी दोराची व खुंट्याची ताकद पाहावी. ताणलेला दोर तुटला, की तो आपपर जाणत नाही. म्हणून जाणता मुकादम दोराच्या रेषेत कोणासही उभे राहू देत नाही.