योग्य वेळ कोणाची?

‘विधेयक चांगले आहे, तत्त्व आम्हाला मान्य आहे, पण ही वेळ नव्हे.’ उघड नकाराशी झगडता येते. या वाक्याशी झगडणे कठीण जाते, कारण ते बोलणारा आपण तुमच्याच बाजूचे आहोत असे सांगत असतो.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाची चार कलमे संसदेत मंजूर झाली आणि बिल बाजूला ठेवण्यात आले. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. ही संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, तिने असा कायदा करू नये, असे सांगणारे होते. सनातन्यांचा गदारोळ होता, राष्ट्रपतींचा विरोध होता, काँग्रेस पक्षातच दोन तट होते. पंतप्रधान नेहरू बिलाच्या विरोधात नव्हते. वेळ मात्र त्यांना अडचणीची वाटली. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची इतरही कारणे होती, पण बिलाची ही वासलात हे त्यांतले मोठे कारण होते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. हा प्रसंग शिकवताना दरवर्षी दोन प्रश्न माझ्यापुढे उभे राहतात. वेळ योग्य की अयोग्य हे ठरवतो कोण? आणि थांबण्याची किंमत मोजतो कोण? ही दोन माणसे कधीच एक नसतात, असे माझे मत आहे. ते तपासून पाहण्यासाठी मी येथे दुसऱ्या देशातले उदाहरण घेतो. अमेरिकेत हवामानबदलाला आवर घालणारा कायदा करण्याचे प्रयत्न गेली तीन दशके आणि अधिक काळ चालले. तो इतिहास म्हणजे या ‘योग्य वेळे’चाच इतिहास आहे.

काही वाचक विचारतील, हवामानाशी आपला काय संबंध? तो पोट भरलेल्यांचा विषय आहे. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण भर उन्हात खडी फोडणारा कोण आणि पत्र्याच्या छपराखाली दुपार काढणारा कोण, हे पाहिले की हा विषय कोणाचा आहे हे कळते. अमेरिकेत १९९५ च्या जुलैमध्ये शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. काही दिवसांत सातशेहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत एकटी राहणारी, म्हातारी, गरीब माणसे पुष्कळ होती आणि काळ्यांच्या वस्त्यांवर लाटेचा घाला अधिक पडला. १९३० च्या दशकात तेथे सरकारी नकाशांवर काही वस्त्या तांबड्या रंगाने दाखवून कर्जाला अपात्र ठरवल्या होत्या. काळ्यांच्या वस्त्यांना हमखास हाच रंग मिळे. १०८ शहरांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतेक शहरांत याच वस्त्या आजही इतर भागांपेक्षा जास्त तापतात असे त्यात आढळले. झाडे कमी, डांबर आणि सिमेंट जास्त. गावकुसाबाहेरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता कायद्याकडे वळू. २३ जून १९८८ रोजी जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, की पृथ्वी तापते आहे आणि हे माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे होते आहे याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. म्हणजे माहिती नव्हती असे कोणालाच म्हणता येणार नाही. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी इंधनातील ऊर्जेवर कर सुचवला. प्रतिनिधिगृहात तो २१९ विरुद्ध २१३ मतांनी कसाबसा पार पडला. सिनेटने तो काढून टाकला. पुढच्याच वर्षी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने चाळीस वर्षांचे बहुमत गमावले. ज्यांनी धोका पत्करून मत दिले त्यांच्या पदरात कायदाही पडला नाही. हा धडा पक्षाच्या मनात खोल रुतला. २५ जुलै १९९७ रोजी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला, की विकसनशील देशांवर बंधन नसेल किंवा आपल्या अर्थव्यवस्थेला मोठी झळ बसणार असेल तर असा कोणताही करार अमेरिकेने करू नये. धुराची सर्वांत मोठी थकबाकी ज्याच्या नावावर, तोच म्हणत होता की आधी इतरांनी भरावे. क्योटो करारावर सही झाली, पण तो मंजुरीसाठी सिनेटपुढे गेलाच नाही.

२००९ मध्ये मात्र दार उघडले. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले. दोन्ही सभागृहांत त्यांच्या पक्षाचे भक्कम बहुमत होते. २६ जून २००९ रोजी प्रतिनिधिगृहाने वॅक्समन आणि मार्की यांचे विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केले. २०२० पर्यंत प्रदूषक वायूंचे प्रमाण २००५ च्या तुलनेत १७ टक्क्यांनी खाली आणायचे, असे त्यात होते. स्वपक्षाच्या ४४ सदस्यांनी विरोधात मत दिले, आठ रिपब्लिकनांनी बाजूने. आता सिनेट उरली होती.

सिनेटमध्ये साधे बहुमत पुरत नाही. तेथे चर्चा लांबवून विधेयक अडवून धरण्याची जुनी रीत आहे. तिला फिलिबस्टर म्हणतात. ती मोडायला शंभरांपैकी साठ मते लागतात. डेमोक्रॅटांकडे साठ मते जुलै २००९ मध्ये जमली. ऑगस्टमध्ये एडवर्ड केनेडी वारले आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांची जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकली. उघडलेले दार काही महिन्यांचेच होते. त्या महिन्यांत आधी काय घ्यायचे? नेतृत्वाने आरोग्यविम्याचा कायदा आधी घेतला. २३ मार्च २०१० रोजी त्यावर सही झाली. दरम्यान बेकारी १० टक्क्यांपर्यंत चढली होती आणि सदस्य म्हणू लागले, एका वर्षात किती कठीण मते द्यायची? एप्रिल २०१० मध्ये स्थलांतरितांचा कायदा आधी घेण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा हवामान विधेयकाच्या वाटाघाटीतील एकमेव रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम बाहेर पडले. त्याच महिन्यात मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट होऊन अकरा कामगार मेले. तरीही काही हलले नाही. २२ जुलै २०१० रोजी सिनेटमधील नेते हॅरी रीड यांनी पुरेशी मते नाहीत म्हणून विधेयक आणणार नसल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागा अधिक मिळवल्या. दार बंद झाले ते बारा वर्षांसाठी.

येथे प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. आरोग्याचा कायदा आधी घेतला हे चूक झाले का? मी तसे म्हणणार नाही. गरिबाला दवाखान्याचे दार उघडणारा कायदा थांबवून आमचा आधी घ्या, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? माझा आक्षेप क्रमावर नाही, रांगेवर आहे. आरोग्य, स्थलांतरितांचा हक्क आणि हवामान हे तिन्ही गरिबांचे प्रश्न एका अरुंद दारापुढे उभे केले गेले आणि एकमेकांना ढकलू लागले. दार अरुंद कोणी केले, हे मात्र कोणी विचारले नाही. लहानपणी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरित तरुणांचे विधेयकही त्याच वर्षी डिसेंबरात अडले. त्याला ५५ मते होती, विरोधात ४१, तरी ते पडले. कारण आकडा साठचा होता.

या फिलिबस्टरचा इतिहास आपल्या ओळखीचा आहे. दक्षिणेतील गोऱ्या सिनेटरांनी काळ्यांच्या नागरी हक्कांचे कायदे वर्षानुवर्षे याच हत्याराने अडवले. त्या वेळीही ‘तत्त्व मान्य, वेळ नव्हे’ म्हणणारे भले लोक होतेच. १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या आंदोलनाला आठ गोऱ्या धर्मगुरूंनी अवेळी ठरवले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना जे उत्तर लिहिले त्याचा सगळा रोख या ‘थांबा’वरच आहे. पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर मुलांवर सोडलेली कुत्री आणि पाण्याचे फवारे जगाने पाहिले. जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मांडले. सिनेटमधील अडवणूक १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडली. तेव्हा तर साठ मतेही पुरत नव्हती, दोन तृतीयांश लागत. १९६४ हे निवडणुकीचे वर्ष होते. पंचांग पाहून चालणाऱ्याने तो मुहूर्त कधीच काढला नसता. काळ्यांनी वेळेची वाट पाहिली नाही. त्यांनी वेळ आणली.

२००९ च्या हवामान विधेयकामागे असे कोण होते? हार्वर्ड विद्यापीठाच्या थेडा स्कॉचपोल यांनी २०१३ मध्ये या अपयशाचे परीक्षण केले. पर्यावरण संस्थांनी मोठ्या कंपन्यांशी राजधानीत बसून तडजोडी केल्या, पण गावोगावी लोकांची फळी उभारली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटते. शेकडो पानांचे ते विधेयक सामान्य माणसाला आपले वाटावे असे त्यात फारसे काही दिसत नव्हते.

दुसरे दार २०२२ मध्ये उघडले, तेही चिमूटभर. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास. अंदाजपत्रकी विधेयकाला साध्या बहुमताची सवलत असते, तिचा आधार घेतला गेला. कोळशाच्या राज्यातून आलेले सिनेटर जो मँचिन यांनी दीड वर्ष अडवून धरले आणि जुलैअखेर होकार दिला. महागाई भडकली होती, म्हणून विधेयकाला नावच महागाई घटवण्याचे दिले. ७ ऑगस्टला उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने ५१ विरुद्ध ५० असे ते पार पडले. १६ ऑगस्टला सही झाली. ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलर. तीनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह हातचे गेले. ऑगस्ट चुकला असता तर सगळेच चुकले असते. यावेळी वेळ साधली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण वेळ साधणे म्हणजे कायदा टिकवणे नव्हे. १ जुलै २०२५ रोजी त्याच सिनेटने, त्याच अंदाजपत्रकी वाटेने, पुन्हा ५१ विरुद्ध ५० मतांनी नवे विधेयक मंजूर केले. यावेळी निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचे होते. ४ जुलैला सही झाली आणि २०२२ च्या कायद्यातल्या बऱ्याच सवलती मोडीत निघाल्या. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची सवलत सप्टेंबर २०२५ अखेर संपली, घरावरच्या सौरऊर्जेची डिसेंबरअखेर. हवामानविषयक लाभांतला ४० टक्के वाटा मागे राहिलेल्या वस्त्यांना द्यावा हे धोरण तर जानेवारीतच, एका आदेशाने रद्द झाले होते.

याच्याशेजारी आरोग्याचा कायदा ठेवून पाहा. तो रद्द करण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये झाला, तेव्हा विमा मिळालेली माणसे प्रतिनिधींच्या सभांत उभी राहिली आणि जाब विचारू लागली. २८ जुलै २०१७ रोजी तो प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. हवामानाच्या कायद्यासाठी असे कोणी उभे राहिले नाही. त्याचे लाभ करसवलतींच्या किचकट वाटेने आले. ज्याला मिळाले त्यालाही ते कोठून आले हे नीट कळले नाही. नव्या कारखान्यांची मोठी गुंतवणूक रिपब्लिकन मतदारसंघांत गेली, तरी तेथल्या प्रतिनिधींनी कायदा मोडायलाच मते दिली. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही, की २०२५ च्या त्याच कायद्याने गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेलाही कात्री लावली. २००९ मध्ये ‘आधी आरोग्य की आधी हवामान’ म्हणून जे दोन प्रश्न एकमेकांपुढे उभे केले होते, ते सोळा वर्षांनी एकाच कुऱ्हाडीखाली आले. हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे आहेत, हे मित्रांच्या लक्षात आले नाही. विरोधकांना ते ठाऊक असावे.

निवडणुकीनंतर १९५५ आणि १९५६ मध्ये हिंदू कोड बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. म्हणून काही जण म्हणतात, नेहरूंचा अंदाज बरोबर होता, थोडे थांबले आणि काम झाले. मी हा हिशेब मानत नाही. त्या चार-पाच वर्षांत ज्या विधवेला वाटा मिळाला नाही, ज्या स्त्रीला नवऱ्यापासून सुटका मिळाली नाही, तिला या हिशेबात कोठे जागा आहे? आणि बाबासाहेबांनी तो प्रश्न राजीनामा देऊन देशापुढे उघडा केला नसता, तर ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांवर नंतर करण्याची सक्ती कोणी केली असती?

हवामानाच्या बाबतीत थांबण्याला आणखी एक अर्थ आहे. हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या निवडणुकीने परत येत नाही. त्याचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. संसदेत गेलेली वेळ भरून काढता येईल, हवेतली येत नाही. म्हणून वेळ ठरवण्याचे काम थंड खोलीत बसलेल्यांवर सोपवून चालणार नाही. उद्या आपल्या देशात असा कायदा येईल तेव्हाही ‘आत्ता नको’ म्हणणारे भेटतील, आणि ‘आत्ताच’ म्हणून घाईने आपल्याला वगळणारेही भेटतील. दोघांना एकच प्रश्न विचारला पाहिजे: उन्हात कोण उभा आहे? त्याला विचारले का?