अल्लीपूर परिसरात बातमी कशी येई, कशी जाई

अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले मोठे गाव. एका अंगाला जिल्ह्याचे ठिकाण वर्धा, दुसऱ्या अंगाला हिंगणघाटची कापसाची पेठ. राज्यकारभार, लढाया, नवी यंत्रे, बाजारभाव यांची खबर या भागातल्या गावांना गेल्या पावणेदोनशे वर्षांत बहुतेक याच दोन ठिकाणांहून मिळत आली. या इतिहासाला दोन बाजू आहेत. बाहेरची बातमी गावात येणे ही एक, आणि गावची बातमी बाहेर जाणे ही दुसरी. पहिली बाजू पिढीगणिक सोपी होत गेली. दुसरी तशी झाली नाही.

छापील कागद येण्यापूर्वी खबरीची साधने थोडी होती. सरकारी हुकूम कोतवालाच्या दवंडीतून कळे. बाकीचे आठवडी बाजारात, चावडीवर, मुक्कामाला थांबलेल्या बंडीवाल्यांकडून किंवा पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांकडून. डिसेंबर 1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने पुढच्या वर्षी राज्य खालसा केले. एवढी मोठी राजकीय उलथापालथ खेड्यातल्या कुणब्याला कळली ती सारा भरताना. 1862 साली नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. पुढे मालगुजारामार्फत गावाचा सारा वसूल करणारी मालगुजारी पद्धत आली आणि मालगुजाराचा वाडा हे गावातले खबरीचे आणखी एक ठिकाण ठरले.

परदेशातली लढाई या भागाच्या घराघरात पहिल्यांदा शिरली ती कापसाच्या भावातून. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जाई. उत्तरेच्या आरमाराने ती बंदरे रोखली आणि लिव्हरपूलचे व्यापारी हिंदुस्थानाकडे वळले. ‘हिंगणघाट’ या नावाने ओळखला जाणारा इथला कापूस चांगल्या प्रतीचा समजला जाई, त्याला भाव चढला. 1865 मध्ये युद्ध संपले आणि तेजीही ओसरली. अमेरिकेचा नकाशा कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याला त्या युद्धाचा शेवट कापसाची बंडी बाजारात उभी करताना समजला. कारण कळण्याआधी परिणाम पोहोचला होता. कापूस पिकवणाऱ्या मुलखाचा हा अनुभव पुढेही अनेकदा आला.

1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. 1870 च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाकडे फाटा गेला. रुळांसोबत तारेचे खांब आले. 1870 मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट इंग्लंडला जोडली गेली, आणि लिव्हरपूलचा भाव कळायला लागणारे आठवडे तासांवर आले. ही तार प्रथम व्यापाऱ्याच्या कामाची होती. अडत्याला भाव आधी कळे, शेतकऱ्याला मागाहून, आणि मधल्या वेळातच सौदा होऊन जाई. बातमी लवकर मिळणे म्हणजे नफा, हे या पेठेने तेव्हाच पाहिले. सामान्य माणसाच्या हाती आलेले साधन म्हणजे 1879 चे पोस्टकार्ड, किंमत पाव आणा. लिहिता येत नसेल तर मास्तरांकडून लिहून घ्यावे आणि उत्तर आले की त्यांच्याकडूनच वाचून घ्यावे, अशी रीत होती.

वर्तमानपत्रही असेच ऐकायचे असे. ‘केसरी’ 1881 मध्ये पुण्यात निघाला. त्याचा एक अंक गावात आला की एकजण वाचे आणि पारावरचे बाकीचे ऐकत. अंक शिळा असला तरी कोणाची तक्रार नसे. नागपूरहून ‘देशसेवक’, पुढे 1914 पासून ‘महाराष्ट्र’ ही पत्रे निघू लागली, तेव्हा वऱ्हाड-मध्यप्रांताच्या मराठी वाचकाला जवळचे वर्तमानपत्र मिळाले. यवतमाळात बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले.

यानंतर वीस-बावीस वर्षे अशी आली की वर्धा बातमीचे उगमस्थानच झाले. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या पाठबळावर 1920 मध्ये विजयसिंह पथिकांचे ‘राजस्थान केसरी’ हे हिंदी वृत्तपत्र वर्ध्याहून निघाले. एप्रिल 1921 मध्ये विनोबा भावे वर्ध्याला आले आणि 1923 मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मराठी मासिक काढले. वर्ध्यातल्या मगनवाडीतून, ग्रामोद्योग संघाच्या केंद्रातून, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांची ‘ग्रामउद्योग पत्रिका’ निघे. घाणी, जाते, मधमाश्या, हातकागद यांतल्या सुधारणा तिच्यात येत. विज्ञानाची बातमी खेड्याच्या गरजेपासून सुरू करण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्याचे मोल अजून पुरते ओळखले गेलेले नाही.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. सुरुवातीला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई मगनवाडीतच राहत आणि टपाल, वर्तमानपत्रे, ‘हरिजन’ साप्ताहिकाचे लिखाण घेऊन रोज पायी शेगावला जात. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल, तेही वर्ध्याच्या उन्हात. जगभरातून येणारी पत्रे विदर्भातल्याच दुसऱ्या, संत गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडत. या घोळामुळे 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. आश्रमात टेलिफोन बसला तो व्हाइसरॉयला संपर्क साधता यावा म्हणून. सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर काँग्रेस कार्यसमितीची बैठक वर्ध्यातच झाली. 14 जुलै 1942 चा ठराव, ज्यातून ‘छोडो भारत’ आंदोलन उभे राहिले, तोही वर्ध्यातलाच. त्याआधी जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामात राहून गेले होते.

वर्ध्यात घडलेले जगभर जात होते, पण ते पुढाऱ्यांच्या मुक्कामाचे वृत्त होते. जिल्ह्यातल्या खेड्यात घडलेल्याचे काय होते, हे महिन्याभरातच दिसले. आंदोलनाच्या बातम्या सरकारने मान्य केलेल्या मार्गाखेरीज छापू नयेत, असा हुकूम ऑगस्टच्या सुरुवातीलाच निघाला होता. 16 ऑगस्ट 1942 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. त्याच दिवशी तेव्हाच्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या चिमूरला उद्रेक झाला. त्यानंतर तिथे पाठवलेल्या फौजेने आणि पोलिसांनी घराघरांत शिरून अत्याचार केले. स्त्रियांनी सांगितलेल्या हकीकती भयंकर होत्या, आणि वर्तमानपत्रांना त्या छापण्याची मोकळीक नव्हती. आष्टी-चिमूरची खबर देशापुढे ठेवणाऱ्यांत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा गुप्त काँग्रेस रेडिओ होता. मुंबईतून चालणारे हे केंद्र 12 नोव्हेंबरला पोलिसांनी पकडले.

सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी तेव्हा आपला प्राण पणाला लावला. बापूजी अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भन्साळी दिल्लीला त्यांच्याकडे गेले, चिमूरच्या चौकशीची मागणी केली आणि 11 नोव्हेंबरला उपोषण सुरू केले. पोलिसांनी त्यांना सेवाग्रामला आणून सोडले. ते चिमूरच्या दिशेने चालू लागले, पुन्हा परत आणले गेले. सरकारने या उपोषणाची बातमी छापायलाच बंदी केली. देशभरातल्या संपादकांच्या परिषदेने याविरुद्ध ठाम भूमिका घेतली. सहभागी वर्तमानपत्रांनी सरकारी परिपत्रके आणि नववर्षाच्या पदव्यांची यादी छापायचे नाकारले, आणि 6 जानेवारी 1943 रोजी एक दिवस अंकच काढले नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वर्तमानपत्राचा पहिला अंक 6 जानेवारी 1832 चा. त्याच तारखेला 111 वर्षांनी वर्धा जिल्ह्यातल्या एका उपोषणासाठी देशातली अनेक वर्तमानपत्रे बंद राहिली. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जांभेकरांसोबत भन्साळींचेही स्मरण व्हायला हवे. 12 जानेवारीला, 63 व्या दिवशी, तडजोड होऊन उपोषण सुटले.

स्वातंत्र्यानंतर येणाऱ्या बातमीचा ओघ वाढतच गेला. जुलै 1948 मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. ट्रान्झिस्टर आल्यावर बातम्या, हवामान आणि शेतीचे कार्यक्रम शेतातल्या धुऱ्यापर्यंत ऐकू जाऊ लागले. संकरित कापूस, खते, फवारणीची औषधे यांची माहिती अनेकांना प्रथम अशीच मिळाली. 15 डिसेंबर 1971 पासून ‘लोकमत’ नागपुरातून दैनिक म्हणून निघू लागला. नागपूरच्या दैनिकांचे गठ्ठे पहाटेच्या गाड्यांनी तालुक्याला आणि तिथून गावोगाव जात. गठ्ठा सोडवणारा एजंटच पुष्कळदा गावचा वार्ताहरही असे. वाटपाचे पैसे गोळा करायचे, जाहिराती आणायच्या आणि रस्ता वाहून गेल्याची, बोंडअळीची, अपघाताची बातमीही पाठवायची. मानधन नावापुरते किंवा तेही नाही. खेड्याचे जे काही वर्तमान छापले गेले, त्यातले पुष्कळसे या माणसांच्या खांद्यावरून गेले आहे.

जुलै 2013 मध्ये देशातली तार सेवा बंद झाली. तोवर मोबाइल आला होता. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले आणि भारताने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा अडत्याला आणि शेतकऱ्याला ते एकाच दिवशी कळू शकत होते.

उलट दिशेचा वेग मात्र वेगळा आहे. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर रुग्णालयात दाखल होऊ लागले. वीसहून अधिक माणसे दगावली. राज्यभर त्याची चर्चा झाली आणि सरकारने विशेष चौकशी पथक नेमले ते ऑक्टोबरात, फवारणीचा हंगाम सरत आल्यावर.