जिवंत मंदिर (ख्रिस्ती साक्ष)

देव हातांनी बांधलेल्या घरात मावत नाही, तो माणसांत वसतो, ही ख्रिस्ती श्रद्धा. इ.स. ५५ च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ती दोनदा येते. तिसऱ्या अध्यायात सगळी मंडळी मिळून देवाचे मंदिर आहे; पुढाऱ्यांच्या नावाने तट पाडणाऱ्यांना पौल तेथे खडसावतो. सहाव्या अध्यायात एकेकाचे शरीरच पवित्र आत्म्याचे मंदिर ठरते. साहजिकच या श्रद्धेची साक्ष द्यायची ती केवळ रविवारच्या उपासनेत नव्हे, तर चारचौघांतल्या वागण्याबोलण्यात.

धाराशिवने (तेव्हाचे उस्मानाबाद) अशी साक्ष जवळून पाहिली. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, हे पद भूषवणारे पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड एकमताने झाली, तरी धर्मगुरूला साहित्यपीठावर बसवण्यास काहींनी विरोध केला. उद्घाटक, कवी ना. धों. महानोर यांनाही संमेलनाला जाऊ नका, असे सांगण्यात आले. महानोर आले. पाठदुखीने बेजार झालेले दिब्रिटोही आले, आणि दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर नुकत्याच झालेल्या हल्ल्याबद्दल अध्यक्षपदावरून स्पष्ट बोलले. धर्माचा प्रचार नाही, पण श्रद्धेतून आलेली निर्भयता होती. साक्ष म्हणतात ती हीच.

संमेलननगरीला नाव होते तेरच्या संत गोरोबाकाकांचे. माती तुडवता तुडवता विठ्ठलनामात रमलेल्या या कुंभाराच्या जिल्ह्यात, देहालाच पंढरी मानणाऱ्या वारकरी मुलखात, पौलाचा विचार परका वाटण्याचे कारण नव्हते.

दिब्रिटोंची साक्ष संमेलनाआधीच वसईत घडली होती. जमिनी बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते दहशतीला न जुमानता उभे राहिले. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक संपादित केले आणि त्यातून ख्रिस्ती व इतर मराठी वाचकांचा संवाद घडवला. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.